थर्लबींच्या बायबलातलं पान

१

पान फाटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. शिवणीलगत जवाएवढी पट्टी शिल्लक ठेवून, वरून खालपर्यंत एका दमात. पातं धारदार होतं आणि हात घाईतला नव्हता. सिमाबाई नागावकरांनी भिंग खाली ठेवलं.

"झालं बघून?" मागून संग्रहालय सांभाळणाऱ्या मिस्टर क्रॅडॉकांनी विचारलं. "मी तुम्हाला आत घेतलंय ते फक्त चर्चच्या व्हिकरबाईंनी सांगितलं म्हणून. चोर कोण ते आम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक असतं तर पानही मिळालं असतं," सिमाबाई म्हणाल्या.

इंग्लंडातल्या मेडनहेडपासून चार मैलांवरचं हॉकवेल हे गाव. चर्चला लागून दोन खोल्या, त्यात गावाचं संग्रहालय, आणि त्याचा जीव की प्राण म्हणजे हे चारशे वर्षांपूर्वीचं थर्लबी घराण्याचं बायबल. त्या काळी लोक अशा ग्रंथाच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म टिपून ठेवत. या पानावर तीन नावं होती. जॉन, विल्यम आणि मार्गारेट. त्यातला विल्यम सोळाशे पस्तीस साली जहाजात बसून अमेरिकेला गेला आणि तिथे त्याचा वंश वडासारखा फोफावला. त्या वंशातली ऐंशी माणसं छातीवर नावाचे बिल्ले लावून या जूनमध्ये, दोन हजार सातच्या, हॉकवेलला आली होती. आज शुक्रवारी चार वाजता हॉलमध्ये ते पान सगळ्यांना दाखवायचं होतं.

काल सकाळी क्रॅडॉकांनी काचेची पेटी उघडली, तेव्हा पान गेलेलं होतं. पाठोपाठ कळलं की संग्रहालयाच्या कॉम्प्युटरवरचा त्या पानाचा फोटोही गेलाय आणि खणातली सीडीसुद्धा.

तो फोटो स्कॅन केला होता नीना अभ्यंकरनं. नीना पुण्याची, मेडनहेडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतिहासाची आवड म्हणून ती शनिवार-रविवार इथे फुकट काम करायची. बुधवारी संध्याकाळी पाहुण्यांना ग्रंथ दाखवून झाल्यावर कुलूप तिनं लावलं होतं. एवढं पुरेसं ठरलं. पोलिसांनी तिला तीन तास बसवून घेतलं, सोमवारी पुन्हा बोलावलं. कंपनीनं घरी बसायला सांगितलं. वर्क परमिट कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की देश सोडायचा.

सिमाबाई हॅरोच्या. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, वय त्रेसष्ट. लंडनच्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात बेवारस मालमत्तेचे वारस हुडकण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. नीना या देशात आली तेव्हा दोन वर्षं त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहिली होती. आज तिला संग्रहालयात मज्जाव होता, म्हणून ती बाहेर गाडीत बसली होती.

सिमाबाई तिच्याकडे गेल्या. तिचे डोळे सुजलेले होते.

"मावशी, तुम्ही तरी believe करता ना?"

"वेडी आहेस का! खरं खरं सांग. त्या पानावर काय लिहिलंय ते तुला वाचता येतं?"

"नाही हो. ती जुनी handwriting म्हणजे मला मोडीच. मी फक्त स्कॅन केलं."

"आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत?"

नीना कडवट हसली. "मॉनिटरवर चिकटवलाय. क्रॅडॉकनी स्वतः."

"बुधवारी खोलीत कोण कोण होतं?"

"चौघं. मी, क्रॅडॉक, हॅरिएट थर्लबी आणि डेल थर्लबी. आणि मावशी, ते दोन थर्लबी एकमेकांकडे असे बघत होते, की मला वाटलं, आता काच फुटणार."

२

क्रॅडॉकांनी बसायला खुर्चीही दिली नाही.

"दार शेवटी त्या मुलीनं लावलं. फोटो तिनं काढला. कॉम्प्युटर तिला कळतो. यात विचारण्यासारखं काय आहे? तुमच्या लोकांना हे बायबल म्हणजे काय ते समजणार नाही."

"आमचे लोक बायबल तुमच्या आधीपासून वाचतायत, मिस्टर क्रॅडॉक," सिमाबाई शांतपणे म्हणाल्या. "आता टोमणे पुरे, मला उत्तर द्या. दुसरी किल्ली कुठे असते?"

"दाराआडच्या खिळ्याला."

"म्हणजे बुधवारी आलेल्या कुणालाही दिसली असेल. बरं, त्या पानावर विल्यमचा जन्म कधीचा लिहिला होता?"

"तीन फेब्रुवारी सोळाशे बारा." क्रॅडॉकांचा आवाज किंचित मऊ झाला. "तीस वर्षं मी हे सांभाळतोय. दर तीन फेब्रुवारीला चर्चची घंटा मी स्वतः वाजवतो. त्याच्या आधी जॉन, मे सोळाशे नऊ. नंतर मार्गारेट, अठरा डिसेंबर सोळाशे बारा. डोळे मिटून सांगेन."

सिमाबाईंनी वहीत तारखा उतरवल्या.

डेल थर्लबी चर्चच्या दफनभूमीतल्या बाकावर एकटाच बसला होता. ओहायोचा, पंचावन्नचा, जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेला. त्याच्या मांडीवर एक जाडजूड पुस्तक होतं, 'थर्लबी वंशवृत्तान्त', लेखिका हॅरिएट थर्लबी, प्रकाशन एकोणीसशे एक्याऐंशी.

"विल्यमच्या दोन बायका होत्या," तो सुरुवातीलाच म्हणाला. "पहिलीचे वंशज हॅरिएटचे. दुसरीचे आम्ही. या सातशे पानांत आम्ही कुठे आहोत माहितीये? पान चारशे अकरा, तळटीप. 'संशयास्पद.' माझी आई ही तळटीप वाचत वाचत मेली."

"मग पान नाहीसं झालं म्हणून तुम्हाला बरंच वाटलं असेल."

तो ताडकन उठला. "बरं? बाई, ते पान तपासायला मिळावं म्हणून मी चौदा पत्रं लिहिलीयत! आज दोन वाजता शाई तपासणारा माणूस रेडिंगहून येणार होता, माझ्या खर्चानं. मला ते पान पाहिजे होतं! ती बाई खोटं बोलतेय असं मला पहिल्यापासून वाटतंय, पण कुठे, ते सापडत नाही."

"शाईवाल्याचं कुणाकुणाला सांगितलं होतंत?"

"बुधवारी सगळ्यांसमोर. तिच्या तोंडावर." डेलनं पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं. "घ्या, ठेवा. मला तर ते जवळसुद्धा नको."

सिमाबाई जायला वळल्या, तेवढ्यात त्यानं मागून पुस्ती जोडली. "आणि सांगून ठेवतो, तुमची ती मुलगी हॅरिएटसाठी फोटो काढत होती. तिला पैसे मिळाले नसतील कशावरून?"

३

हॅरिएट थर्लबींनी त्यांना हॉलशेजारच्या छोट्या खोलीत भेट दिली. भेट दिली असंच म्हणायला हवं. बहात्तर वर्षांच्या, ताठ बसलेल्या, राखाडी केसांची एक बटही जागची न हललेली. घराण्याच्या संस्थेच्या त्या तेवीस वर्षं अध्यक्ष होत्या.

"मला त्या मुलीची कीव येते," त्या म्हणाल्या. "जिला स्वतःच्या मुळांशी काही देणंघेणं नाही, तिला दुसऱ्याच्या मुळांची किंमत कुठून कळणार? तुमच्यात वंशावळी ठेवतात का हो?"

"आमचीही गोष्ट जहाजाचीच आहे," सिमाबाई म्हणाल्या. "अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, आम्ही त्यांची लेकरं, असं आमचे वडीलधारे सांगत आले. नावं कुणाचीच ठाऊक नाहीत. कागद सगळे समुद्रात गेले."

"किती दुःखाची गोष्ट," हॅरिएट म्हणाल्या. पण दुःखापेक्षा समाधानच त्या आवाजात जास्त होतं.

"हे पान पहिल्यांदा वाचलं कुणी?"

"मी. एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये. बायबल चर्चच्या पेटाऱ्यात धूळ खात पडलं होतं. मी दोन महिने इथे एकटी बसून होते. विल्यम कुठला, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. जहाजाच्या यादीत एवढंच होतं, 'विल्यम थर्लबी, वय तेवीस.' त्याला आईबाप मी मिळवून दिले."

"आणि जन्मतारीख?"

"तीन फेब्रुवारी सोळाशे अकरा-बारा." उत्तर असं आलं जसं प्रार्थनेतलं वाक्य.

सिमाबाईंची पेन्सिल थांबली. मग त्यांनी तेही वहीत उतरवलं.

"चार वाजता मी त्या लोकांना सांगणार आहे की आपला वारसा एका परक्या बाईनं चोरला," हॅरिएट उठत म्हणाल्या. "तोवर पान मिळालं तर पाहा. तुमच्या शब्बाथच्या आधी घरी पोचायचं असेल ना?"

दार लागलं. सिमाबाईंनी पुस्तक उघडलं. जॉन, मे सोळाशे नऊ. विल्यम, तीन फेब्रुवारी १६११/१२. मार्गारेट, अठरा डिसेंबर सोळाशे बारा. पुस्तकात फोटो त्रेचाळीस होते. थडगी, चर्च, जहाजाची यादी, कुणाच्या तरी चांदीच्या चमच्याचा फोटोसुद्धा. ज्या पानावर सगळी इमारत उभी, त्या पानाचा मात्र एकही नाही.

क्रॅडॉकांनी सोळाशे बारा सांगितलं होतं. चूक कोणाची? आणि ते ठरवायला पानच नव्हतं.

४

दीड वाजता हॉलच्या दाराशी एक व्हॅन थांबली. ड्रायव्हरनं दोन खोकी उतरवली आणि क्रॅडॉकांची सही घेतली.

"काय आहे त्यात?" सिमाबाईंनी विचारलं.

"पाहुण्यांसाठी भेट," क्रॅडॉक खेकसले. "मे महिन्यातच ऑर्डर दिली होती. आता कसली भेट आणि कसलं काय."

"उघडा बघू."

"बाई, पान चोरीला गेलंय आणि तुम्हाला—"

सिमाबाईंनी पर्समधली नखं कापायची कात्री काढली आणि चिकटपट्टी स्वतःच कापली. आत घड्या घातलेले, पांढरे, लिननचे टी-टॉवेल होते. कपबशा पुसायचे, इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात टांगलेले असतात तसे. त्यांनी एक उलगडला.

कापडावर तपकिरी शाईत, मूळ आकाराच्या दुपटीनं, ते पान छापलेलं होतं.

"हे चित्र कुठून आलं?"

"कॉम्प्युटरवरून घेतलं. मीच. हॅरिएटला सरप्राइज द्यायचं होतं." क्रॅडॉकांना अजून उमगलं नव्हतं. "पण हे नुसतं फडकं आहे. मला पान हवंय, फडकं नाही."

सिमाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या टॉवेल घेऊन तडक गाडीशी गेल्या आणि बॉनेटवर पसरून भिंग लावून वाचू लागल्या. नीना शेजारी उभी राहिली. जॉनची ओळ ऐसपैस होती. मार्गारेटचीही. मधली विल्यमची ओळ मात्र दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेली. आणि साल स्पष्ट होतं. सोळाशे बारा.

"नीना, तुमच्याकडे माघ आधी येतो की मार्गशीर्ष?"

"काय?"

"एकाच शकात गं. आधी कुठला?"

"मार्गशीर्ष. मग पौष, माघ, फाल्गुन. मग पाडवा आला की नवीन शक." नीना गोंधळली. "पण इथे काय संबंध?"

"मी लहानपणी तीन नवी वर्षं बघितली. घरी आमचं, शेजारी तुमचा पाडवा, शाळेत एक जानेवारी. म्हणून मी कुठलीही तारीख वाचताना आधी विचारते, यांचं वर्ष सुरू कधी होतं?" सिमाबाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "या इंग्रजांचंसुद्धा नवं वर्ष त्या काळी पंचवीस मार्चला लागायचं. सतराशे बावन्नपर्यंत. म्हणजे सोळाशे बाराचा फेब्रुवारी हा सोळाशे बाराच्या डिसेंबरच्या नंतर यायचा. आधी नव्हे!"

नीनानं बोटांवर मोजलं. तिचा चेहरा बदलला. "म्हणजे मार्गारेट डिसेंबरमध्ये झाली, आणि तिच्यानंतर दोन महिन्यांत विल्यम? एकाच आईला?"

"आणि बापानं त्याचं नाव लिहिलं तिच्या वर." सिमाबाईंनी टॉवेलची घडी घातली. "पोटच्या पोरांच्या बापाच्या हातून ही चूक होत नाही. ही ओळ लिहिणाऱ्याचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत होतं. चल. आता तूही आत ये. तुला कोण अडवतं ते मी बघते."

५

साडेतीन वाजता छोट्या खोलीत पाच जण होते. नीना आत आली तसे क्रॅडॉक उसळले, पण सिमाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि टॉवेल टेबलावर अंथरला.

हॅरिएट थर्लबींनी कापडाकडे पाहिलं. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली.

जुन्या वर्षाचा हिशोब सिमाबाईंनी चार वाक्यांत मांडला. डेल मोठ्यानं हसला. "बनावट! मी म्हणत नव्हतो?"

"थांबा," सिमाबाई म्हणाल्या. "चोर राहिलाय अजून. ज्याला जुना कागद हवा असतो, तो कागद नेतो. त्याचा फोटो पुसत बसत नाही. इथे फोटोही पुसला, सीडीही नेली. म्हणजे या माणसाला पान हवं नव्हतं. ते कुणी वाचू नये, एवढंच हवं होतं. नीनाला ते वाचताच येत नाही. मिस्टर क्रॅडॉकांनी त्याच्या ऐंशी प्रती छापल्या. लपवणारा माणूस असं करत नाही. डेल, ही चूक म्हणजे तुम्ही आयुष्यभर शोधत असलेलं हत्यार होतं. तुम्ही ते नाहीसं केलं नसतं, भिंतीवर टांगलं असतं."

सिमाबाई हॅरिएटकडे वळल्या.

"तारीख चुकलीय हे पान जाण्याआधी एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. तुमच्या पुस्तकात सोळाशे अकरा-बारा छापलंय, मिसेस थर्लबी. म्हणजे जुन्या मोजणीनं अकरा, आपल्या मोजणीनं बारा. ते अगदी बरोबर बसतं, मार्गारेटच्या आधी दहा महिने. फक्त पानावर तसं नाही. पानावर बारा आहे. तुम्ही साल बदललंत."

"तो सुधारलेला पाठ आहे," हॅरिएट म्हणाल्या. "विद्वान तसं करतात."

"करतात. आणि खाली टीप देतात. तुमच्या पुस्तकात दोन हजारांवर टिपा आहेत. डेलच्या पणजोबांच्या पणजीला तुम्ही टीप दिलीत. इथे एकही नाही, आणि पानाचा फोटोही नाही."

"एका फडक्याच्या जोरावर तुम्ही मला चोर म्हणता?" हॅरिएटचा आवाज चिरका झाला. "तुम्ही? जिच्या पूर्वजांना नावंसुद्धा नाहीत?"

"हो," सिमाबाई म्हणाल्या. "नावं नाहीत. पण आम्ही ती बनवलीही नाहीत."

बाहेर हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या. ऐंशी माणसं जमू लागली होती.

"जाळलंत का ते?" सिमाबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

मग हॅरिएटनी पर्स उघडली आणि टिश्यू पेपरात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं.

"हॉटेलच्या बेसिनमध्ये काडी पेटवली होती," त्या म्हणाल्या. "पण जॉन आणि मार्गारेट खरे आहेत ना. त्यांच्या बापाच्या हातचे. मला जमलं नाही." त्या खुर्चीत बसल्या, पहिल्यांदाच पाठ टेकून. "दोन महिने मी ते पान रोज बघत होते. मधे रिकामी जागा होती, नेमकी त्याच्या वयाची. मला वाटलं, बाप विसरला असेल. मी फक्त विसरलेलं भरतेय. मार्चवालं वर्ष मला चार वर्षांनी कळलं, एका लेक्चरमध्ये. मी तिथून उठून बाहेर गेले आणि ओकले."

"आणि काल?" नीना म्हणाली. तिला पहिल्यांदाच बोलू दिलं गेलं होतं. "माझं नाव पोलिसांना दिलंत, तेव्हा?"

हॅरिएटनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मला माहीत होतं, तुझं नाव सगळे लगेच मान्य करतील."

डेल दाराकडे निघाला होता. "मीच सांगतो त्यांना. आत्ता. तेवीस वर्षांची ही महाराणी!"

"सांगा," सिमाबाई म्हणाल्या. "पण नीट विचार करून. विल्यम हॉकवेलचा नाही असं ठरलं, तर तुम्हीही हॉकवेलचे नाही. बायका दोन, पण नवरा एकच होता."

डेलचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. त्याच्या छातीवर बिल्ला होता. त्यावर हॉकवेलच्या चर्चचं चित्र छापलेलं होतं.

६

शेवटी उभ्या राहिल्या त्या हॅरिएटच. कुणाचा हात धरला नाही, कागद हातात घेतला नाही. पान त्यांनी टेबलावर ठेवलं, मधली ओळ मी लिहिली असं सांगितलं, पान मी कापलं असंही सांगितलं, आणि चोरीचा आळ ज्या मुलीवर आला तिचा यात काही संबंध नाही, हेही. सगळं मिळून तीन मिनिटं.

हॉलमध्ये आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मागून एक बाई ओरडली, "आम्ही घर गहाण टाकून आलोय इथे!" कुणीतरी पुस्तकाची प्रत जमिनीवर आपटली. तेवढ्या गोंगाटात डेल उठला.

"मग तो आला कुठून?" त्यानं विचारलं. आवाजात आता भांडण नव्हतं. "विल्यम. कुठला होता तो?"

"मला माहीत नाही," हॅरिएट म्हणाल्या.

तेहतीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कारण बसायला पुढच्या रांगेतल्या कुणी त्यांना जागाच करून दिली नाही.

सिमाबाई आणि नीना बाहेर आल्या. पोलिसांना फोन व्हिकरबाईंनी केला होता. गाडीपाशी क्रॅडॉक धापा टाकत मागून आले.

"मिस... अं... सगळं मिटलं तर. गैरसमज होता. उद्या या हवं तर. अजून बरीच कागदपत्रं स्कॅन व्हायचीयत."

सिमाबाईंनी तोंड उघडलं, पण नीनानं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"मी येणार नाही, मिस्टर क्रॅडॉक," ती म्हणाली. "आणि गैरसमज नव्हता. तुम्हीही माझं नाव दिलंत. आता तुम्ही माझ्या कंपनीला पत्र द्या. संग्रहालयाच्या लेटरहेडवर, आजच, मी इथे उभी असताना. आरोप खोटा होता असं स्पष्ट लिहा. 'गैरसमज' हा शब्द नको."

क्रॅडॉक लाल झाले. पण हॉलमधला आरडाओरडा खिडकीतून ऐकू येत होता, आणि आता त्यांच्या बाजूनं बोलणारं तिथे कुणी नव्हतं. ते आत गेले, कागद घेऊन आले, भिंतीवर टेकवून उभ्याउभ्याच लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी तो पुढे केला.

नीनानं वाचला. परत वाचला. मग परत केला.

"अभ्यंकरमध्ये बीनंतर एच येतो."

"मी मध्ये घुसवतो ना तो."

"मध्ये घुसवायचं नाही," नीना म्हणाली. "दुसरा कागद घ्या."

त्यांनी दुसरा कागद आणला. नीना एकेक अक्षर सांगत राहिली आणि क्रॅडॉक ते लिहीत राहिले.